पाठीतलं पाणी

तुमच्या ऑफिसात या क्षणी किमान एकाचं तरी डोकं दुखत असणार. लावता पैज? आमच्या फ्लोअरवर तर रोज अकराच्या चहाला कुणी ना कुणी कपाळ चोळत येतं आणि दुसरं कुणी तरी, न मागता, ड्रॉवरमधून गोळ्यांची स्ट्रिप काढून देतं. कारणंही पाठ झालीयत. एसी फार गार आहे, क्लायंटनं रात्री कॉल लावला, चष्म्याचा नंबर वाढलाय, नाश्ता चुकला. डोकेदुखी हा आपल्या जमातीचा राष्ट्रीय आजार. आणि जो आजार सगळ्यांनाच असतो, तो कुणीच सिरियसली घेत नाही.

मीही घेत नव्हतो. गेल्या वर्षीच्या जुलैपर्यंत.

कर्वेनगरात आम्ही तिघं एका टू बीएचकेत राहतो. त्यातला जो माझ्या खोलीत असतो त्याला मी पार्टनर म्हणतो. तोही मला पार्टनरच म्हणतो. मूळचा सांगोल्याकडचा, घरी डाळिंबाची बाग, आणि हा इथे सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. बाबांना तो अजूनही समजावू शकलेला नाही की, दिवसभर दुसऱ्याच्या चुका शोधण्याचे पैसे कोण आणि का देतं. स्वभाव एकदम कूल. बाइक बंद पडली, अप्रेझल बोंबललं, मुलीकडून नकार आला, तरी याचं उत्तर एकच, ‘होतं रे.’

जूनच्या शेवटी त्याचं डोकं दुखायला लागलं. आमच्या रूमचे डॉक्टर अर्थातच आपण. म्हटलं, नंबर वाढला असणार. तो गेला, बावीसशे रुपयांचा नवा चष्मा करून आला. डोकं तसंच. मग संध्याकाळची थोडी कणकण सुरू झाली. म्हटलं, पावसाळा आहे, व्हायरल असेल. मग जेवण कमी झालं. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, तर मी त्याला चिडवलं, ‘काय पार्टनर, साखरपुडा ठरला काय?’ तिसऱ्या आठवड्यात उलट्या झाल्या. मेसच्या भाजीवर ढकलून मोकळा झालो. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना त्यानं फक्त उलट्यांचं सांगितलं, त्यांनी अॅसिडिटीचं औषध दिलं.

बघा, प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे एक कारण तयार होतं. चार तक्रारी, चार कारणं. त्यांची बेरीज मात्र मी केली नाही. कुणीच केली नाही.

एका शनिवारी रात्री अडीच वाजता लाइट लागला म्हणून मला जाग आली. पार्टनर ऑफिसचे कपडे घालून, गळ्यात आयडी कार्ड अडकवून उभा. मला त्याच्या धाकट्या भावाच्या नावानं हाक मारली आणि म्हणाला, ‘बस चुकेल, चल.’ मला वाटलं, खेचतोय. हसलो. मग तो बूट घालायला पलंगावर बसला आणि खाली वाकून बुटांकडे बघेना. म्हणजे त्याला बघताच येईना. मान पुढे वाकतच नव्हती.

तेव्हा माझं हसू गेलं.

हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत ड्यूटीवर होती ती माझ्याच वयाची रेसिडेंट डॉक्टर. केसांत पेन खोचलेलं, डोळ्यांखाली काळं. तिनं पार्टनरला उताणं झोपवलं, डोक्याखाली हात घातला आणि डोकं हळूच उचललं. डोकं एकटं आलंच नाही, सोबत खांदे पण उचलले गेले.

‘मान कडक आहे,’ ती म्हणाली.

‘लॅपटॉपमुळे असेल मॅडम,’ मी. (सवय जात नाही.)

तिनं माझ्याकडे बघितलं. ‘लॅपटॉपची मान डावी-उजवीकडे वळवताना दुखते. ही पुढे वाकत नाहीये. हनुवटी छातीला लागत नाही. कधीपासून आजारी आहे हा?’

‘तीन आठवडे,’ मी म्हटलं. आणि ते ‘तीन आठवडे’ तोंडातून बाहेर पडल्यावर पहिल्यांदा मला ते तीन आठवडे वाटले.

सीटी स्कॅन झाला. अँटिबायोटिक लगेच सुरू झालं. म्हणाली, संशय पक्का व्हायची वाट बघत बसायची ही वेळ नव्हे. मग ती एक फॉर्म घेऊन आली. ‘मेंदूच्या आवरणांना सूज आलीय असं वाटतंय. मेनिंजायटिस. कशामुळे ते कळायला पाठीतलं पाणी काढून तपासावं लागेल. रक्ताच्या नात्यातलं कुणी आहे?’

मी म्हटलं, ‘मित्र आहे.’ फॉर्मवर मित्राला रकाना नव्हता.

साडेतीनला काकांना फोन लावला. ते आणि त्यांचे मेहुणे मिळेल ती जीप करून निघाले आणि साडेनऊला पोचले. पांढरा पायजमा, टोपी, हातात कापडी पिशवी, तिच्यात नारळ. हॉस्पिटलच्या दारातल्या गणपतीपुढे फोडायला आणलेला. पोराला बघून आले, बाहेर बाकावर बसले, फॉर्म ऐकून घेतला आणि म्हणाले, ‘न्हाई.’

‘काका…’

‘गोळ्या द्या, इंजेक्शनं द्या, काय पायजे त्ये करा. पाठीतलं पानी काढायचं न्हाई. माणूस लुळा पडतो.’

आता तुम्ही म्हणाल, अडाणीपणा. थांबा जरा. मला स्वतःला काय वाटत होतं, सांगू? नेमकं तेच. इंजिनिअरिंगची डिग्री खिशात ठेवून मीही लहानपणापासून हेच ऐकत आलोय. आमच्या आजीपासून ते पार्किंगमधल्या काकांपर्यंत सगळ्यांना माहीत असतं की, मणक्यात सुई गेली की माणूस संपला. तुमच्याही घरी कुणी तरी असं म्हटलेलं असणार. त्यामुळे मी काकांना समजावायच्या भानगडीत पडलो नाही. डॉक्टरीणबाईंना शोधून आणलं. रात्रभर जागी असलेली ती पोरगी काकांशेजारी बाकावर बसली आणि म्हणाली, ‘काका, तो नारळ देता जरा?’

मग तिनं जे सांगितलं, ते मी आयुष्यात विसरणार नाही.

‘ही शेंडी, हा काथ्या म्हणजे आपले केस आणि कातडी. करवंटी म्हणजे कवटी. खोबऱ्याला वरून एक तपकिरी पापुद्रा असतो बघा, करवंटीला चिकटलेला, तशी मेंदूला आवरणं असतात. एक नाही, तीन. आणि नारळात पाणी असतं तसं डोक्यातही पाणी असतं. फरक इतकाच की, नारळात खोबरं बाहेर आणि पाणी मध्ये. इथे मेंदू मध्ये आणि पाणी त्याच्याभोवती.’

काका नारळ कानाशी नेऊन हलवून बघत होते.

त्या तीन आवरणांबद्दल नंतर मी बरंच वाचलं, वॉर्डाबाहेर वेळच वेळ होता. सगळ्यांत बाहेरचं ते ड्युरा मेटर. जाड, चिवट, कवटीला आतून लागून. लॅटिनमध्ये अर्थ ‘कठोर आई’. सगळ्यांत आतलं पिया मेटर, मेंदूच्या घडीघडीत शिरून चिकटलेलं, इतकं पातळ की दिसतही नाही. (पिया! पार्टनर शुद्धीवर असता तर गाणं म्हणाला असता.) खरं तर अरबी वैद्यांनी त्याला ‘नाजूक आई’ म्हटलं होतं. अरबीत एखादी वस्तू दुसरीला वेढून असली की तिला ‘आई’ म्हणायची पद्धत. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतर करताना ‘नाजूक’चं झालं ‘पिया’, म्हणजे धर्मपरायण. तेव्हापासून आपण सगळे एक कडक आई आणि एक देवभोळी आई डोक्यात घेऊन फिरतोय. घरोघरी एकाच बाईत दोन्ही सापडतात, ते वेगळं.

या दोघींच्या मधलं आवरण म्हणजे अॅरॅक्नॉइड. ग्रीक भाषेत कोळ्याला जे नाव आहे त्यावरून. त्याच्यापासून आतल्या पियापर्यंत कोळिष्टकासारखे बारीक धागे गेलेले असतात आणि त्या धाग्यांच्या जागेत असतं ते पाणी. मेंदूचं आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचं पाणी एकच. कवटीपासून कमरेच्या खालपर्यंत ही पिशवी सलग आहे. म्हणून डोक्यात काय चाललंय ते कमरेत कळतं.

आता त्या पाण्याचा हिशोब बघा. एका वेळी साधारण दीडशे मिलिलिटर, म्हणजे कटिंगचे दोन ग्लास. पण शरीर दिवसभरात सुमारे अर्धा लिटर नवं बनवतं आणि जुनं रक्तात सोडून देतं. थोडक्यात, दिवसातून तीन-चार वेळा टाकी बदलते. आणि काम काय? मेंदूचं वजन जवळपास चौदाशे ग्रॅम. पण या पाण्यात तरंगताना तो भरतो जेमतेम पन्नास ग्रॅमचा. ही सोय नसती तर आपला लाडका मेंदू स्वतःच्याच वजनानं खालून दबला असता.

आणि आमच्या गोळ्यांच्या ड्रॉवरला हादरवणारी गोष्ट म्हणजे मेंदूला स्वतःला दुखतच नाही! त्यात वेदना कळणाऱ्या नसाच नाहीत, म्हणून तर काही ऑपरेशनं पेशंटला जागं ठेवून, त्याच्याशी गप्पा मारत करतात. दुखतं ते आवरणाला, विशेषतः त्या कडक आईला, आणि तिथल्या रक्तवाहिन्यांना. सगळ्याच डोकेदुख्या तिथून येत नाहीत, मान-कपाळाचे स्नायूही भरपूर पिडतात. पण आवरणांना सूज आली की, मेंदूच्या वतीनं ओरडायला तीच असतात. मान वाकवली की पाठीपर्यंतची ही सलग पिशवी ताणली जाते, सुजलेली असेल तर कळ येते, आणि शरीर मान कडक करून म्हणतं, नको, वाकवू नकोस. पार्टनर बुटांकडे बघत नव्हता, त्याचं कारण हे.

तर बाकावर काकांनी नारळ पिशवीत परत ठेवला आणि विचारलं, ‘पन सुई मणक्यात जानार. आतली ती दोरी तुटली म्हंजे?’

‘दोरी तिथपर्यंत येतच नाही काका.’ डॉक्टरनं उभं राहून स्वतःच्या कमरेवर दोन्ही बाजूंना हात ठेवले, आपण रागावल्यावर ठेवतो तसे. ‘ही दोन हाडं. यांना जोडणारी रेघ काढली की कमरेचा चौथा मणका येतो. सुई तिथे, किंवा त्याच्या एक घर वरखाली. मज्जारज्जू वरच संपतो, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी. त्याच्या खाली पिशवीत फक्त पाणी आणि त्या पाण्यात सुट्या लोंबणाऱ्या नसा, शेवयांसारख्या. सुई आली की बाजूला सरकतात.’

काका काही बोलले नाहीत.

‘घरात कुणाचं सिझर झालंय?’

‘लेकीचं. दोन डाव.’

‘तेव्हा कमरेखालचं बधिर करायला पाठीत इंजेक्शन दिलं होतं?’

‘व्हय.’

‘तीच जागा. तशीच सुई. तेव्हा आम्ही त्या पाण्यात औषध सोडतो. आज त्यातलं थोडं पाणी बाहेर घेणार. लेक चालते ना?’

‘दोन पोरं काखंत घिऊन बागंत राबती.’ काका पहिल्यांदा किंचित हसले. मग परत गंभीर झाले. ‘पन आमच्या भावकीतला एक जन गेला की. पानी काढलं आन तिसऱ्या दिशी गेला. समद्या गावानं बघितलंय.’

‘किती दिवस आजारी होता?’

‘झाला असंल म्हैना. आधी गावातच दाखवत व्हते. ल्हान पोरागत बडबडाय लागला तवा शहरात आनला.’

‘काका, तो पाण्यानं नाही गेला. महिनाभर उशीर झाला त्यानं गेला. पाणी काढायची वेळ येते तेव्हा माणूस आधीच खूप आजारी असतो. त्यातला एखादा लुळा पडतो, एखादा जातो. लोकांना आजार दिसत नाही, सुई दिसते. म्हणून सुई बदनाम झाली.’

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग काकांनी विचारलं, ‘आन आमचा उशीर झालाय का?’

तिनं घड्याळ बघितलं. ‘नऊ पन्नास झालेत. इथून पुढे करू नका.’

काकांनी सही केली. एकेक अक्षर, शेत खरेदीच्या कागदावर करावी तशी. मी भिंतीकडे बघत होतो, कारण काका ज्या उशिराचा विचार करत होते, त्यातले तीन आठवडे माझ्या नावावर होते.

पाणी काढताना मी दाराच्या फटीतून पाहिलं. पार्टनरला कुशीवर, पोटाशी गुडघे घेऊन, पाठीची कमान करून झोपवलं होतं. जागा बधिर केली, लांब बारीक सुई, आणि तिच्या टोकाशी एकेक थेंब. बस, एवढंच. तीन-चार छोट्या बाटल्यांत थोडं थोडं. इतकी वर्षं ज्याची दहशत होती ते पाणी दिसायला बिसलेरीसारखं. डॉक्टर म्हणाली, साध्या जिवाणूंचा मेनिंजायटिस असता तर ते गढूळ, पेजेसारखं दिसलं असतं. हे जवळजवळ स्वच्छ होतं. पण बाटली ठेवून दिल्यावर त्यात एक बारीकसं जाळं धरलं, कोळिष्टकासारखं. त्याकडे बघून तिनं ओठ आवळले. साखर कमी, प्रोटीन वाढलेलं. संध्याकाळपर्यंत सीबीनॅटचा रिपोर्ट आला. टीबी.

टीबी म्हणजे खोकला, असं तुम्हालाही वाटतं ना? मलाही वाटायचं. पण टीबीचा जंतू श्वासातून फुप्फुसात येतो, तिथे वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो, आणि कधी तरी रक्तातून निघून मेंदूच्या आवरणांवर मुक्काम ठोकतो. तो घाईत नसतो. साधा जिवाणू एक-दोन दिवसांत माणूस आडवा करतो, हा आठवडे घेतो. थोडं डोकं, थोडी कणकण, थोडी भूक मंद. सगळं इतकं ‘थोडं’ की आपण चष्मा बदलतो. तोपर्यंत मेंदूच्या तळाशी चिकट थर साचतो, पाण्याची वाट अडते, डोळ्यांच्या नसा दबतात, रक्तवाहिन्या सुजतात. लुळेपणा येतो तो यातून. पार्टनरच्या दंडावर लहानपणीच्या बीसीजीची खूण आहे. ती लस लहान मुलांना या आजारापासून चांगलं वाचवते, पण मोठेपणी तिच्या भरवशावर राहता येत नाही.

१९४०च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन येईपर्यंत हा आजार झालेला माणूस जवळपास वाचतच नसे. आज वाचतो. जितका लवकर येईल तितका पूर्ण वाचतो. औषध वर्षभर, सरकारी योजनेतून फुकट. सोबत सुरुवातीला स्टिरॉइड. स्टिरॉइडचं नाव ऐकून काका पुन्हा बिचकले, पण २००४ मध्ये व्हिएतनाममधल्या पाचशेहून जास्त पेशंटच्या अभ्यासात त्यानं मृत्यू कमी होतात हे दिसलंय. या वेळी समजावायचं काम मी केलं. नारळाशिवाय.

नऊ दिवसांनी पार्टनर नीट शुद्धीवर आला. पहिलं वाक्य, ‘पार्टनर, तू दोन का दिसतोयस?’ एका डोळ्याची नस दबली होती. दोन महिने तो एका डोळ्यावर पट्टी लावून फिरला, सोसायटीतली पोरं त्याला पायरेट म्हणायची. त्याचं उत्तर ठरलेलं, ‘होतं रे.’

त्याला सुईची गोष्ट सांगितली तेव्हा मी त्याला आणखी एक किस्सा ऐकवला. मणक्यातून पाणी काढायची ही पद्धत १८९१ मध्ये जर्मनीतल्या कील शहरात हाइनरिश क्विंके या डॉक्टरनं सुरू केली. सात वर्षांनी त्याच शहरात आउगुस्ट बियर नावाच्या सर्जननं त्याच जागी औषध सोडून कमरेखालचं बधिर करून दाखवलं, काकांच्या लेकीला दिलं त्याचं हे मूळ. बियरनं प्रयोग स्वतःवर करायचा ठरवला. असिस्टंट हिल्डेब्रांटनं सुई टोचली खरी, पण सिरिंज सुईला बसेना, आणि बियरचं पाणी वाहून गेलं. मग असिस्टंट आडवा झाला, बियरनं त्याला औषध दिलं आणि बधिर झालं का बघायला त्याच्या नडगीवर हातोडी मारली. कळलंच नाही! मग दोघांनी वाइन आणि सिगारनं पार्टी केली. दुसऱ्या दिवसापासून असिस्टंटच्या नडग्या काळ्या-निळ्या आणि बियरला भयंकर डोकेदुखी, उभं राहिलं की सुरू, आडवं झालं की गायब. आठवड्याहून जास्त दिवस. पाणी कमी झालं की मेंदूची गादी पातळ होते आणि आवरणं ताणली जातात, त्याचं हे दुखणं. आजही पाणी काढल्यावर काहींना ते होतं. बहुतेकांचं आपोआप जातं, नाही गेलं तर पेशंटचंच थोडं रक्त त्या भोकाजवळ सोडून ते बुजवतात. टोचण्याचा त्रास शून्य आहे असं नाही, पण लुळेपणाच्या भीतीपुढे तो अगदीच फुटकळ आहे.

ऑफिसची गोष्ट मात्र फुटकळ नव्हती. पार्टनर परत जॉइन होणार म्हटल्यावर त्याच्या टीममधल्या एकीनं हळूच विचारलं, ‘त्याचा मग वेगळा ठेवायचा ना?’ कुणी तरी त्याची खुर्ची खिडकीपाशी सरकवलीसुद्धा. अरे बाबांनो, फुप्फुसात टीबी नसेल तर आवरणांचा टीबी शिंकून, बोलून, मग शेअर करून कुणाला होत नाही. त्याच्या फुप्फुसांची तपासणी झाली होती, ती स्वच्छ होती. मी त्या दिवशी मुद्दाम त्याच्याच मगमधून चहा प्यायलो. जरा फिल्मी झालं, पण चालतं.

मग मी बदललो का? एक गोष्ट बदलली. माझ्या ड्रॉवरमध्ये स्ट्रिप अजून आहे. पण कुणी कपाळ चोळत आलं की गोळीच्या आधी मी विचारतो, ‘कधीपासून?’ एक दिवस असेल तर गोळी. रोज वाढत चाललं असेल, सोबत ताप, उलट्या, उजेड सहन न होणं, दोन-दोन दिसणं, विसंगत बोलणं, झटका यातलं काहीही असेल, तर गोळी नाही, रिक्षा. हनुवटी छातीला लावूनही बघायला सांगतो, पण लागली म्हणजे सुटलो असं नाही. टीबीत मान बऱ्याचदा उशिरा कडक होते. आणि डॉक्टरला सगळं सांगायचं, फक्त आजची उलटी नाही. बेरीज तेच करतील, पण आकडे आपण द्यायला हवेत. लोक मला आता हायपर म्हणतात. म्हणोत.

पार्टनरच्या गोळ्या या महिन्यात संपतात. त्या तीन आठवड्यांबद्दल मी त्याला एकदा सॉरी म्हटलं. उत्तर तुम्हाला माहितीय.

परवा रात्री काकांचा फोन आला. मला वाटलं, पोराची चौकशी. तर म्हणाले, ‘आरं, शेजारच्या गावात एका पोराला तसंच झालंय. डागतर पाठीतलं पानी काढायचं म्हनत्यात आन बाप तयार न्हाई.’

‘मग काका?’

‘मग काय! सकाळच्याला दवाखान्यात जाऊन बसलो त्याच्याशेजारी. सही केली त्यानं.’ जरा थांबून म्हणाले, ‘नारळ घिऊन गेल्तो.’